जुन्या पिकअपचे स्टिअरिंग आणि पुढचे सस्पेन्शन : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

पिकअपच्या पुढच्या भागातील जवळजवळ सगळे झिजलेले सांधे बदलून घेतले, त्यावर जेमतेम एक पावसाळा गेला आणि उजव्या बाजूचा लोअर आर्मचा (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) नवा बुश (सांध्यातला रबरी तुकडा) पुन्हा फाटला, म्हणून हे लिहायला बसलो आहे. गाडी कोणत्या कंपनीची हे मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे लोअर आर्मला जोडलेले टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्या), उजवीकडे स्टिअरिंग बॉक्स, डावीकडे आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) आणि मागे स्प्रिंगचे पाटे अशी रचना असलेल्या कोणत्याही जुन्या पिकअपला यातले बहुतेक सर्व लागू पडते. माझी गाडी ओतूरहून माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात भाजीपाला नेते. त्या रस्त्याचे पावसाळ्यात काय होते हे त्या बाजूच्या वाहनचालकांना सांगायला नको.

काम काढण्याचे निमित्त फिटनेसचे होते. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि या वेळी स्टिअरिंगमध्ये इतका प्ले (ढिलेपणा) आला होता की सरळ रस्त्यावरही हात सतत हलवत राहावे लागत होते. पहिल्या मिस्त्रीने त्यावर स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू थोडा आवळण्याचा स्वस्त उपाय सुचवला. खर्च टळत असेल तर मी सहसा कोणताही सल्ला मानतो, पण हा मानला नाही. सांधे झिजलेले असताना बॉक्स आवळला, तर प्ले आहे तिथेच राहतो, वर स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर ते आपोआप सरळ येत नाही. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून मुलाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवायला सांगितले आणि मी खाली वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहिले. आयडलर आर्म वर-खाली उचलत होता आणि डाव्या टायरॉड एंडची (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणाऱ्या सांध्याची) दांडी आधी हलत होती, चाक नंतर. मग जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवले. ब्रेक दाबून धरल्यावरही डगडग थांबली नाही, म्हणजे दोष बेअरिंगचा नव्हता, बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याचा) होता.

टायरॉड एंड, आयडलर आर्म आणि खालचे बॉल जॉइंट यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण ते अजून उत्तम चालले आहेत. ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेलेच भाग घेतले आणि पाण्यातून गाडी गेल्यावर ग्रीस भरत राहिलो, एवढे पुरले. शॉकअप बदलण्याचा आग्रह मी मोडून काढला, कारण त्यांतून तेल गळत नव्हते आणि गाडी दाबून सोडल्यावर उगाच उसळतही नव्हती. शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतले. पूर्वी पुढच्या टायरवरून आडवा हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे लागायचे, ते आता लागत नाही. टायरचे आजचे भाव पाहता, या कामाचा खरा परतावा मला तिथेच दिसतो.

आता बुशकडे येतो. रबरी बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि बोल्ट आवळला की ती नळी चॅसीच्या कानांत घट्ट पकडली जाते. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबतो. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला आणि मग गाडी जमिनीवर उतरवली, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते, आणि खड्ड्यात चाक उचलले की पीळ आणखी वाढतो. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवायचे, चाके जमिनीवर टेकवायची, टॉर्शन बारने गाडीची उंची ठरवायची आणि मगच शेवटचा पाना द्यायचा. या कामाला जादा एक रुपयाही लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि गाडीखाली पुन्हा एकदा आडवे होण्याची तयारी.

बुश फाटलेला दिसला तेव्हा मी आधी दुकानदाराकडे गेलो, कारण त्या क्षणी माझेही मत माल खोटा असल्याचेच होते. दुकानदाराने बुश हातात घेतला, नखाने रबर ताणले आणि नळीच्या कडेने गोल गेलेली भेग दाखवून म्हणाला, "साहेब, हा माल खराब नाही, हा पिळून मारलाय." गॅरेजवाल्याने अर्थातच उलट सांगितले. दोघांच्या भांडणात माझा निकाल डाव्या बाजूने लावला. डावीकडचा बुश त्याच पाकिटातला, त्याच फिटरने बसवलेला आणि त्याच रस्त्यावर चाललेला होता, पण त्या बाजूचा जुना बोल्ट गंजून गेल्याने नवा दुसऱ्या दिवशी आला आणि तोवर गाडी जागा अडवते म्हणून खाली उतरवून ठेवली होती. नवा बोल्ट त्यामुळे चाके जमिनीवर असतानाच आवळला गेला. तो बुश आजही आहे तसा आहे. उजवीकडचा मात्र संध्याकाळच्या घाईत, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) असतानाच आवळलेला होता.

हे दाखवल्यावर गॅरेजवाला लेबर न घेता काम करून द्यायला तयार झाला, पण बुशचे पैसे मीच द्यावेत यावर अडून बसला. बुश काही शंभर रुपयांचा असतो, त्यामुळे रकमेपेक्षा त्याच्या हट्टाचा राग जास्त आला. वाद घालून निम्मे त्याच्याकडून घेतले. दरम्यान कोणीतरी पॉलियुरेथेनचे बुश सुचवले. त्यांत नळीभोवती बुश फिरतो, त्यामुळे पिळण्याचा प्रश्न येत नाही, परंतु ते महाग असतात, कडक असल्याने रस्त्याचे धक्के जास्त जाणवतात आणि वंगण कमी झाले की कुरकुरतात. ओझे वाहणाऱ्या गाडीला ती हौस परवडणारी नाही, म्हणून पुन्हा त्याच दुकानातून तोच रबरी बुश घेतला. त्या दुकानाबद्दलचे माझे मत आता पूर्ण बदलले आहे.

या वेळी बसवताना मी गाडीशेजारीच उभा राहिलो आणि निम्मा माल भरून शेवटचा पाना द्यायला लावला. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या उंचीतला फरक विभागला जावा, हा माझा हिशेब. फिटरला तो पटला नाही, पण त्याने ऐकले. आर्म काढताना टॉर्शन बार सैल करावाच लागतो, त्यामुळे उंची बदलली आणि अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले. ते मात्र गॅरेजवाल्याने दिले नाहीत. मागच्या पाट्यांच्या शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुशही आता खटखट करू लागले आहेत. ते काम दिवाळीनंतर दुसऱ्या गॅरेजला देणार आहे, आणि गाडी चाकांवर उतरवून शेवटचे नट माझ्यासमोर आवळल्याशिवाय लेबर मिळणार नाही, हे तिथल्या मालकाला आधीच सांगून ठेवले आहे.