एफजे६० मध्ये ५.३ व्ही८: कॅलिफोर्नियाच्या स्मॉग रेफरीचा रिव्ह्यू

१९८५ ची टोयोटा लँड क्रूझर एफजे६० आणि बॉनेटखाली २००२ च्या शेव्हरोले सिल्व्हराडोचं ५.३ लिटर व्ही८. कॅलिफोर्नियात ही जोडी नेहमीच्या स्मॉग सेंटरवर, म्हणजे प्रदूषण-तपासणी केंद्रावर नेली, तर तिथला टेक्निशियन बॉनेट उघडेल, पुन्हा लावेल आणि रेफरीचा रस्ता दाखवेल. रेफरी ही ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरची, म्हणजे बीएआरची तपासणी सेवा. तिची बरीच केंद्रं कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात आहेत. अपॉइंटमेंट घेऊनच जायचं.

मत आधीच सांगून टाकायचं तर पाचपैकी चार. कडक आहे, पण सरळ आहे. नियम पाळले असतील तर रेफरी उगाच खोट काढत नाही, आणि पाळले नसतील तर गोड बोलून काही उपयोग नाही. एक गुण कापला तो मार्गदर्शनासाठी. इंजिन बदलाचे नियम दोन पानांत मावतील इतके मोघम आहेत, आणि कुठल्या गाडीत कुठला पार्ट कुठे बसवायचा हे तुमचं तुम्हीच शोधायचं.

पुण्यामुंबईच्या पीयूसीची सवय असलेल्यांचा पहिला गैरसमज इथेच होतो. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालायची, आकडा आला की कागद हातात. ५.३ च्या बाबतीत तो आकडा सगळ्यात सोपा. चांगल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (सायलेन्सरच्या आधी धूर स्वच्छ करणारा डबा) चालणारं हे इंजिन टोयोटाच्या मूळ ४.२ लिटर कार्ब्युरेटरवाल्या २एफ पेक्षा कितीतरी स्वच्छ चालतं. रेफरी बघतो ते वेगळंच: सिल्व्हराडोतून इंजिन काढताना त्याच्यासोबतची प्रदूषण-नियंत्रणाची अख्खी व्यवस्था उचलून आणली आहे की फक्त लोखंड आणलं आहे.

गाडी कोणत्या सालची त्यावरही बरंच ठरतं. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेकच नाही. १९७५ ची एफजे४० असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि खुशाल फिरा. १९७६ पासून पुढच्या बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी ही वारी आहे.

इंजिन विकत घेतानाच निम्मा निकाल लागतो. नियम चार. इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं. गाडी कॅलिफोर्निया-प्रमाणित असेल तर इंजिनही कॅलिफोर्निया-प्रमाणितच हवं, बाकीच्या राज्यांसाठीचं फेडरल चालत नाही. हलक्या गाडीत हेवी-ड्यूटी गाडीचं इंजिन टाकायचं नाही. आणि कॅमशाफ्ट, इनटेक, हेडर असं काही बदललं असेल तर त्या पार्टला कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे कार्बचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक हवा.

भंगारवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नका, डोनर गाडीचा, म्हणजे जिच्यातून इंजिन काढलं तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) बघा. आठवं अक्षर टी असेल तर ५.३ एलएम७. यू असेल तर ६.० एलक्यू४, जे मुख्यतः २५०० मालिकेच्या जड ट्रकांत येतं. ते स्वस्तात मिळतंय म्हणून उचललं तर रेफरीच्या दारात घोडं अडलंच समजा. दहावं अक्षर वर्ष सांगतं, २ म्हणजे २००२. बॉनेटखालच्या एमिशन लेबलवर कॅलिफोर्नियाचा उल्लेख आहे का ते वाचा आणि इंजिन बाहेर काढायच्या आधी फोटो काढून ठेवा: लेबलचा, व्हीआयएनचा, व्हॅक्यूम होजच्या नकाशाचा. इंजिनासोबत पीसीएम (इंजिन चालवणारा संगणक), संपूर्ण वायरिंग हार्नेस, ॲक्सिलरेटर पेडल, एअर बॉक्स, मास एअरफ्लो सेन्सर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, चारही ऑक्सिजन सेन्सर, चारकोल कॅनिस्टर, पर्ज आणि व्हेंट सोलेनॉइड (वाफेच्या वाटेवरच्या विजेच्या झडपा), टाकीचा प्रेशर सेन्सर हे सगळं एकाच गाडीतून घ्या. इंजिन एका गाडीचं, मॅनिफोल्ड दुसरीचं, संगणक तिसरीचा ही खिचडी रेफरीला खपत नाही. इंजिन आणि त्याची नियंत्रण-व्यवस्था तो एकच संच म्हणून तपासतो.

आता इव्हॅप, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न सोडणारी व्यवस्था. बहुतेक गाड्यांचं पाणी इथेच मुरतं.

१९८५ च्या टोयोटात पेट्रोलची वाफ एका साध्या कॅनिस्टरमध्ये जायची, काम संपलं. २००२ च्या इंजिनाचा पीसीएम मात्र टाकी बंद करून, आत हलका व्हॅक्यूम तयार करून, तो किती टिकतो ते स्वतः मोजतो. १ मिलिमीटरचं, म्हणजे ०.०४० इंचाचं भोकही त्याला कळतं आणि पी०४४२ हा बिघाडाचा कोड पडतो. मोठी गळती असेल तर पी०४५५. चाळीस वर्षांच्या टाकीत गळती कुठे असते? फिलर नेकच्या जाड रबरी होजमध्ये, त्याच्या शेजारच्या बारीक व्हेंट होजमध्ये, मागच्या पॅनलमधल्या वाफेच्या नळ्यांच्या जोडांवर आणि सेंडरच्या (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या सेन्सरच्या) गॅस्केटखाली. ही सगळी रबरं डोळे मिटून नवी टाका. होज वरून ठीक दिसतो. बोटांत धरून वाकवला की आतल्या बाजूला बारीक चिरा उघडतात. मग व्हेंट बंद करून, धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन लावा. दाब अर्धा पीएसआयच्या आतच ठेवा, नाहीतर गळती शोधताना नवीच तयार व्हायची.

प्रेशर सेन्सर टाकीच्या वरच्या बाजूला, वाफेच्या जागेत बसवा. उतारावर पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचलं की रीडिंग बेभरवशाचं होतं. व्हेंट सोलेनॉइड एरवी उघडा असतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. जीएमच्या, म्हणजे शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सच्या ट्रकांत धूळ बसून तो अडकणं आणि पी०४४६ पडणं ही जुनी रड आहे. ऑफ-रोड गाडीत चिखल-पाण्याने ते दुप्पट लवकर होईल. म्हणून तो चाकांजवळ न ठेवता उंचावर बांधा आणि हवा घेणारं तोंड होजने फिल्टरपर्यंत वर न्या.

एवढं करूनही इव्हॅपची चाचणी सुरूच होत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी पेट्रोलचा काटा तपासावा. टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये भरलेली असेल तरच पीसीएम ही चाचणी करतो. जीएमच्या सेंडरचा रेझिस्टन्स रिकाम्या टाकीला ४० ओम आणि भरलेल्या टाकीला २५० ओम असतो. टोयोटाचा जुना सेंडर उलटा चालतो, टाकी भरली की रेझिस्टन्स कमी. तोच सेंडर पीसीएमला जोडला तर टाकी भरलेली असताना संगणकाला ती रिकामी वाटते. उपाय दोन: टोयोटाच्या टाकीत जीएमचा सेंडर बसवा, किंवा मध्ये कन्व्हर्टर मॉड्यूल लावा. पहिला उपाय कटकटीचा आहे, पण टिकतो. टाकी उतरवायचीच आहे, कारण २एफ चा यांत्रिक पंप जेमतेम तीन-चार पीएसआय देतो आणि या इंजिनाला सुमारे ५८ पीएसआय लागतात. पंप टाकीच्या आत बसवण्याचं काम त्याच वेळी उरकून घ्या.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळ जीएमचे किंवा त्या डोनर गाडीसाठी कार्बने मंजूर केलेले हवेत. मंजुरीचा क्रमांक कन्व्हर्टरच्या अंगावर कोरलेला असतो. वेल्डिंग करताना तो वर फिरला तर रेफरीला दिसणार नाही, म्हणून खाली किंवा बाजूला वाचता येईल असा ठेवा. मॅनिफोल्डपासूनचं अंतर ट्रकमध्ये होतं तितकंच ठेवायचं. पुढच्या प्रोपेलर शाफ्टला जागा करण्यासाठी कन्व्हर्टर फूटभर मागे ढकलण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण मागे ढकललेला कन्व्हर्टर उशिरा तापतो. फ्लँजच्या जोडात गळती राहिली तर मागचा ऑक्सिजन सेन्सर बाहेरची हवा हुंगतो आणि चांगल्या कन्व्हर्टरलाही तो निकामी असल्याचा पी०४२० कोड लागतो.

गिअरबॉक्सबद्दल एकच सांगणं: डोनरचा ४एल६०-ई ऑटोमॅटिकच ठेवा. पीसीएम त्याच्याशी बोलत असतो, उत्तर आलं नाही की कोडांची माळ लागते. फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकमध्ये वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर नसून ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर) असतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. टोयोटाची ट्रान्सफर केस लावली की तो सेन्सर गेला. ॲडाप्टर घेतानाच सेन्सरची सोय असलेला घ्या. वेग शून्य दिसत असेल तर पीसीएमच्या लेखी गाडी जागेवर उभी आहे, आणि मग हायवेवर कितीही चालवा, मॉनिटर पूर्ण होणार नाहीत.

मॉनिटर म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या. २००० आणि पुढच्या पेट्रोल इंजिनाला फक्त इव्हॅपचा मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. १९९६ ते १९९९ च्या इंजिनाला कुठलाही एक अपूर्ण चालतो. जीएमचा क्रम असा: गाडी रात्रभर थंड ठेवा. सकाळी सुरू करून एसी आणि मागच्या काचेचा डिफॉगर चालू ठेवून अडीच मिनिटं आयडल. अर्ध्या थ्रॉटलने ताशी ५५ मैल, तिथे तीन मिनिटं. ब्रेक न लावता २० मैलांपर्यंत उतरू द्या. मग पाऊण थ्रॉटलने ५५ ते ६०, पाच मिनिटं स्थिर, आणि पुन्हा ब्रेकशिवाय थांबेपर्यंत. ट्रॅफिकमध्ये हे जमत नाही, रविवारी पहाटे करा. इंजिन थंड राहावं म्हणून कुणी १६० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट टाकला असेल तर तो काढा. इंजिन पुरेसं तापत नाही म्हणून पी०१२८ येतो आणि मॉनिटरही रखडतात.

पीसीएमचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्या ट्यूनिंगवाल्यांपासून इथे खास सावध. चोरी-प्रतिबंधक लॉक काढून देताना बरेच जण हात सैल सोडून मागचे ऑक्सिजन सेन्सर आणि इव्हॅपचे कोडही बंद करून देतात. चेक इंजिन लाइट लागत नाही, मालक खूश. पण स्कॅनरवर कॅटॅलिस्टचा मॉनिटर ‘लागू नाही’ असा दिसतो, आणि या इंजिनाला तो लागू असतो हे रेफरीला पाठ आहे. १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये पीसीएमच्या सॉफ्टवेअरमधले बेकायदा बदलही पकडले जातात. मूळ कॅलिब्रेशनच ठेवा.

डॅशबोर्डवर चेक इंजिन लाइट हवा. चावी फिरवल्यावर पेटला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. स्कॅनर जोडायचा सोळा पिनांचा सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशखाली. १६ नंबरला कायम करंट, ४ आणि ५ ला अर्थिंग, २ ला डेटा. स्कॅनर लागत नसेल तर आधी अर्थिंग तपासा, जुन्या टोयोटाच्या डॅशखाली रंगावर घेतलेलं अर्थिंग हमखास दगा देतं.

एवढा खटाटोप नको असेल तर जीएमचं ई-रॉड किट हा दुसरा मार्ग. ६.२ लिटर एलएस३, ४३० हॉर्सपॉवर, सोबत कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, कॅनिस्टर, पेडल, एअर फिल्टर आणि संगणक, आणि अख्ख्या संचाला कार्बची मंजुरी. डोनर शोधण्याची आणि कागद जुळवण्याची कटकट संपते. खिसा मात्र चांगलाच हलका होतो, आणि रेफरीची भेट चुकत नाहीच. शिवाय एफजे६० च्या ॲक्सलवर ४३० घोडे सोडायचे का, हा प्रश्न रेफरीचा नाही पण विचारण्यासारखा आहे. आमच्या मते एका गाडीतून नीट उचललेलं ५.३ पुरेसं.

अपॉइंटमेंटच्या दिवशी डोनरचा व्हीआयएन, इंजिन खरेदीची पावती, एमिशन लेबलचा फोटो, कन्व्हर्टरचं बिल आणि कार्ब क्रमांक असलेल्या प्रत्येक पार्टचा कागद एका फाइलमध्ये ठेवा. बॅटरी आदल्या दिवशी काढू नका, सगळे मॉनिटर पुसले जातात. इंजिन गरम करून पोचा. बॉनेटखाली तेलाचे ओघळ, लोंबकळणाऱ्या वायरी, टेप गुंडाळलेले होज नकोत. तपासणाऱ्याला प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी माग काढता आलं पाहिजे. अडलं तर काय आणि का अडलं ते विचारा आणि लिहून घ्या. दुरुस्ती तो करणार नाही, ते त्याचं काम नव्हे.

पास झालात की सर्टिफिकेटचे ८.२५ डॉलर, आणि दाराच्या चौकटीत बीएआरचं लेबल. त्यावर इंजिनाची ओळख असते, त्यामुळे पुढच्या वेळी गाडी कुठल्याही स्मॉग सेंटरवर नेता येते. लेबलचा फोटो काढून ठेवा आणि कधी रंगकाम काढलंत, तर आधी त्यावर मास्किंग टेप लावायला पेंटरला सांगा.