नाताळ कार्डांचे शिक्के : शिक्का साधा चालेल, शाई चांगली हवी

नोव्हेंबर अर्धा सरला की क्राफ्टच्या दुकानांत नाताळचे शिक्के टांगलेले दिसू लागतात. पोस्टकार्डाएवढ्या प्लास्टिकवर चिकटवलेले पंधरा-वीस पारदर्शक शिक्के : सूचिपर्णी झाड, रेनडिअर, घंटा, हॉली या झुडपाची काटेरी पानं, हिमकणांचे चार नमुने आणि इंग्रजीत शुभेच्छा. सेट हातात घेतला की वाटतं, झालं सगळं सामान. प्रत्यक्षात त्यातले पाच-सहाच शिक्के वापरले जातात आणि कार्ड बरं की वाईट हे ठरतं शाई-कागदावर. त्यामुळे हा आढावा शिक्क्यांचा असला तरी निम्मा शाईत बुडालेला आहे.

शिक्के तीन तऱ्हेचे मिळतात. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला लाल रबराचा, पारदर्शक फोटोपॉलिमरचा, आणि दिसायला त्याच्यासारखाच पण सिलिकॉनचा. लाल रबर या सगळ्यांत सरस, त्यात वाद नाही. कोरीव काम खोल, खाली फोमची गादी, शाई एकसारखी धरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तोटा एवढाच की ठोकळे जागा खातात आणि ठसा नेमका कुठे पडणार ते दिसत नाही. फोटोपॉलिमरचा शिक्का ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचा, आरपार बघून नेम धरायचा आणि काम झालं की सोलून परत ठेवायचा. चार ओळी एकाखाली एक बसवायच्या असतील तर हाच सोयीचा. सिलिकॉनचा स्वस्त असतो, पण शाई अंगाला लावून घेत नाही.

फोटोपॉलिमर आणि सिलिकॉन यांतला फरक दुकानात कळणं कठीण, घरी मात्र लगेच कळतो. नवा शिक्का शाईच्या पॅडवर थोपटला की शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि ठशात पांढरे टिपके येतात. पहिल्यांदा हे फोटोपॉलिमरच्याही बाबतीत होतं, कारण साच्यातून काढताना त्यावर एक बारीक तेलकट थर राहिलेला असतो. पांढऱ्या खोडरबराने पृष्ठभाग हलक्या हाताने घासायचा, बोटाने पुसायचा, जुन्या कागदावर तीन-चार ठसे काढायचे. पॉलिमर असेल तर तेवढ्याने सुधारतो. तीनदा घासूनही टिपके येतच राहिले तर तो सिलिकॉन समजावा आणि मुलांना खेळायला द्यावा.

पारदर्शक शिक्का साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचा. चिकटपणा गेला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा त्यावर नुसती धूळ बसलेली असते, धुतला की पुन्हा चिकटतो. उन्हात ठेवला तर पिवळा पडतो आणि कडक होतो. खिडकीतल्या मांडणीवर तो नको.

ठसा अर्धवट येण्याचं खापर शिक्क्यावर फुटतं, पण दोष बहुधा टेबलाचा असतो. पॉलिमरच्या शिक्क्याला स्वतःची गादी नसते. कडक टेबलावर कार्ड ठेवून दाबला की मधला भाग उठतो, कडा राहतात. कार्डाखाली माऊसपॅड घातला की प्रश्न सुटतो. ठोकळा शिक्क्यापेक्षा किंचितच मोठा असावा. फार मोठा घेतला तर हातात डुलतो आणि ठशाशेजारी कडेची रेघ उमटते. दाब सरळ खाली, मनात पाच मोजून सरळ वर. डावी-उजवीकडे डोलवायची सवय ऑफिसच्या शिक्क्यांमुळे लागलेली असते. तिथे चालते, इथे प्रत्येक रेघ दुहेरी होते.

भरीव आकार, म्हणजे नुसत्या सावलीसारखं झाड किंवा मोठा तारा, एका दाबात कधीच एकसारखा येत नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा ठसा मारावा लागतो, आणि हाताने ते जमत नाही. त्यासाठी बिजागरीचं झाकण असलेला स्टँपिंग प्लॅटफॉर्म मिळतो. ‘मिस्टी’ हे त्यातलं गाजलेलं नाव. कार्ड चुंबकाने धरायचं, शिक्का झाकणाला चिकटवायचा. झाकण कितीदाही बंद केलं तरी ठसा त्याच जागी पडतो. दहा-बारा कार्डांसाठी एवढा खर्च नको. जुन्या सीडीच्या डबीचं पारदर्शक झाकण हेच काम करतं. खालच्या भागातली सीडी धरायची चकती काढून टाका, कार्ड कोपऱ्यात सरकवून कागदी टेपने धरा, शिक्का झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. झाकण लवतं म्हणून बोटांनी वरून सगळीकडे दाब द्यावा लागतो, एवढंच.

आता शाई. ऑफिसचं जांभळं स्टँपपॅड या कामाला अजिबात नको. ती शाई सावकाश वाळते, गुळगुळीत कागदावर तर दोन दिवसांनीही बोटाला लागते, आणि तिच्या रंगाने नाताळच्या कार्डाला पोस्टाच्या पावतीची कळा येते. बाह्यरेषा छापून आत रंग भरायचा असेल तर आधी रंग कशाने भरणार ते ठरवा, मग शाई घ्या. अल्कोहोल मार्कर (स्पिरिटच्या शाईचे पेन) असतील तर मेमेंटोसारखी डाय शाई, म्हणजे कागदात मुरणाऱ्या रंगाची; ती मार्करने पसरत नाही, पाण्याने मात्र पसरते. जलरंग किंवा मुलांचे साधे स्केचपेन असतील तर व्हर्साफाइनसारखी तेलाधारित पिगमेंट शाई (हिच्यात रंगाचे बारीक कण असतात), जी नीट वाळली की पाण्याला दाद देत नाही. स्टेझऑन ही सॉल्व्हंटची शाई प्लास्टिक, काच, ॲसिटेट यांवर बसते, पण कागदावर अल्कोहोल मार्करखाली ती विरघळते. अदलाबदल झाली की सांताक्लॉजच्या पांढऱ्या दाढीत काळे ओघळ येतात, आणि हे कार्ड पूर्ण होत आल्यावरच कळतं.

रेघ छापायची आणि रंग हाताने भरायचे, ही कृती नाताळ कार्डाच्या जन्मापासूनची आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जे.सी. हॉर्स्ली या चित्रकाराकडून पहिलं विक्रीचं कार्ड करून घेतलं, तेही शिळाछापावर काढून हाताने रंगवलेलं होतं. किंमत एक शिलिंग. त्या काळी कामगार माणसाला न परवडणारी.

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे झाले तर ते उष्णतेने वितळून उठावदार, चमकती रेघ देणाऱ्या पावडरीवर करा, म्हणजे एम्बॉसिंगवर. पन्नास शिक्के असण्यापेक्षा पाच शिक्के आणि एक सोनेरी पावडर बरी. लागतं ते असं : व्हर्सामार्कसारखं रंगहीन चिकट शाईचं पॅड, बारीक दाण्याची सोनेरी आणि पांढरी पावडर, आणि हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र. हेअर ड्रायर चालत नाही. त्याची उष्णता कमी आणि वारा जास्त. पावडर वितळण्याआधी उडून जाते. हीट गन नसेल तर तापलेल्या तव्यावर चार-पाच सेंटीमीटर उंचीवर कार्ड चिमट्याने आडवं धरायचं, छापील बाजू वर. खालून ऊब लागली की पावडर आपोआप चमकायला लागते. हळू होतं, पण वारा नसल्याने ठसा स्वच्छ येतो.

या कामात चुकतं ते नेहमी एकाच ठिकाणी : पावडर नको तिथे चिकटते. हाताचा घाम, कागदावरची स्थिर वीज आणि किनारपट्टीची दमट हवा, तिन्ही कारणं. मलमलच्या फडक्यात चमचाभर टाल्कम पावडर बांधून पुरचुंडी करा आणि ठसा मारण्याआधी सगळ्या कार्डावर हलकेच फिरवा. मग ठसा, मग भरपूर पावडर, कार्ड तिरकं करून मागून टिचकी. उरलेली पावडर घडी घातलेल्या कागदावरून बाटलीत परत. कुठे दाणे राहिले असतील तर कोरड्या बारीक ब्रशने टिपायचे. गन आधी कार्डापासून लांब धरून वीस सेकंद तापवायची, मग एका टोकापासून पुढे सरकायचं. दाणेदार रेघ क्षणात आरशासारखी होते. झाली की पुढे. जास्त तापवलं तर पावडर कागदात मुरते, चमक जाऊन तेलकट डाग उरतो, आणि तो परत दुरुस्त होत नाही. कार्ड गरम असतानाच जाड पुस्तकाखाली ठेवलं की वाकत नाही.

कागदाचा हिशेब. ए-फोर आकाराची ३०० जीएसएमची (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) शीट अर्धी कापून दुमडली की १०.५ बाय १४.८ सेंटीमीटरची दोन कार्डं होतात. त्यांना सी-सिक्स, म्हणजे ११.४ बाय १६.२ सेंटीमीटरचं पाकीट बरोबर बसतं. थेट कार्डावर ठसा मारण्याऐवजी ९.५ बाय १३.८ चा वेगळा तुकडा छापून तो कार्डावर चिकटवावा. चूक झाली तर तुकडा जातो, कार्ड वाचतं. एका शीटमधून असे चार तुकडे निघतात, म्हणजे तीस कार्डांना पंधरा शीट कार्डांच्या आणि आठ तुकड्यांच्या. दोन तुकडे उरतात, आणि ते लागतातच. दुमडण्याआधी शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. जिकडे सहज वाकते त्या दिशेने घडी घाला, नाहीतर घडीवर कागद फाटल्यासारखा पांढरा दिसतो. घडीची रेघ आधी संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून ओढून घ्या.

हातकागद दिसायला सुंदर. पुण्यात शिवाजीनगरची हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट १९४० पासून तो बनवते. मात्र हातकागद खरखरीत असला की बारीक रेघांचा शिक्का त्यावर तुटक उमटतो. अशा कागदावर जाड रेघेचा लाल रबर आणि पिगमेंट शाईच घ्यावी.

सेटमधल्या शुभेच्छा इंग्रजीत असतात आणि चित्रांत बर्फच बर्फ. वसईच्या किंवा गोव्याच्या घरासाठी कार्ड करायचं तर दारातला चांदणीचा कंदील हवा, येशूजन्माचा गोठा हवा, ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ हव्यात. हे क्राफ्टच्या दुकानात शोधत बसू नका. कोर्टाजवळ, तहसील कचेरीजवळ जो रबरी शिक्के बनवणारा बसतो त्याच्याकडे जा. लेटरहेडचे आणि ‘सत्यप्रत’चे शिक्के करणारा हा माणूस तासाभरात शुभेच्छांचाही करून देतो. सांगायचं नेमकं एवढं : स्वतः शाई घेणारी बॉडी नको, आत शाई भरलेला फ्लॅश शिक्काही नको, लेझरने कोरलेलं नुसतं रबर द्या. बॉडीच्या शिक्क्याला एकच रंग, आणि फ्लॅशवर रंगहीन शाई लावताच येत नाही. नुसतं रबर दुहेरी फोम टेपने लाकडाच्या तुकड्यावर बसवलं की कुठलीही शाई चालते.

देवनागरीत एक काळजी घ्यावी लागते. ‘हार्दिक’मध्ये ‘र्दि’वर वेलांटी आणि रफार एकमेकांना खेटतात, ‘शुभेच्छा’तल्या ‘च्छ’ची पोकळी बारीक असते. अक्षर लहान झालं की या दोन जागा शाईने बुजतात, आणि एम्बॉसिंगमध्ये तर हमखास. मात्रांसकट अक्षराची उंची आठ मिलिमीटरच्या खाली नको. एका ओळीत बसत नसेल तर दोन ओळी करा. वळणदार, कधी जाड कधी केसासारखी बारीक होणारी अक्षरं टाळा. मजकूर युनिकोडमध्ये मोबाइलवरून पाठवला की जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून पीडीएफ न्या आणि कोरण्याआधी त्याच मापाची काळी प्रिंट मागून घ्या. हातभर अंतरावरून ‘च्छ’ नीट वाचता आला की हो म्हणा. नव्या लेझरच्या रबरावर जळकी काजळी असते. जुन्या टूथब्रशने साबण लावून धुतल्याशिवाय पहिली पाच कार्डं करडी येतात.

टांगायच्या सजावटीत शिक्क्याचा खरा कस मातीत लागतो, आणि ही माती घरीच करता येते. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी मंद आचेवर ढवळायचं. कुस्करलेल्या बटाट्यासारखा गोळा झाला की उतरवून ओल्या फडक्याखाली गार करायचं. मैदा-मिठाच्या कणकेपेक्षा हे पांढरंशुभ्र राहतं आणि दमट हवेत लिबलिबीत होत नाही. पाच-सहा मिलिमीटर जाड लाटून, शिक्क्याला कॉर्नफ्लोअर लावून आधी ठसा मारायचा आणि मग वाटीने गोल कापायचं. उलट केलं तर ठशाच्या दाबाने गोल लांबट होतो. इथे पारदर्शक शिक्के कुचकामी. ते मातीला चिकटतात आणि त्यांचं कोरीव उथळ. लाल रबराच्या खोल कोरीव शिक्क्याने मात्र हॉलीच्या पानाची शीर न् शीर उठते. दोऱ्याचं भोक स्ट्रॉने, कडेपासून किमान एक सेंटीमीटर आत. सावलीत दोन दिवस वाळवायचं, दर काही तासांनी उलटत. उन्हात ठेवलं तर वरची बाजू आधी वाळून कडा वर वळतात आणि भोकापाशी तडा जातो.