नवीन चाळीस एकर, हरणांसाठी: आधी कॅमेरे आणि फूड प्लॉट, की आधी पायपीट आणि चेनसॉ?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीसाठी जमीन घेतलेल्या आपल्या मंडळींचा प्रश्न जवळपास सारखाच असतो. चाळीस एकर हातात आलीय, हरणं भरपूर आहेत असं विकणारा म्हणाला, आता पहिल्या वर्षी पैसा आणि शनिवार-रविवार कशात घालू? मी स्वतः दोन्ही करून बसलोय, आधी एक आणि मग दुसरं, त्यामुळे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवतो, ठरवा तुम्हीच.

पहिला रस्ता म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण झाला की हालचाल टिपून फोनवर फोटो पाठवणारे आठ-दहा सेल कॅमेरे झाडांना बांधायचे, कुणाचा तरी ट्रॅक्टर आणून एक-दोन एकरात हरणांसाठी क्लोव्हर नावाचा चारा पेरायचा (हाच फूड प्लॉट), कडेला मचाण ठोकायची आणि सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्याचा सीझन उघडला की जाऊन बसायचं. दुसरा रस्ता म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसतं फिरायचं, इंच न् इंच, नकाशावर खुणा करायच्या आणि मग चेनसॉ काढायची. माझा कल दुसरीकडे आहे हे आत्ताच सांगून टाकतो, पण एक परिस्थिती अशी आहे जिथे मी पहिला निवडेन, ती खाली येईलच.

त्याआधी एक हिशोब डोक्यात पक्का बसू द्या. मोठ्या नराचा वावर साधारण एक चौरस मैलाचा धरतात, म्हणजे 640 एकर, कुठे कमी कुठे जास्त. तुमची 40 एकर म्हणजे त्याचा सोळावा हिस्सा. म्हणजे तो बाकीचा सगळा वेळ शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे असतो. आणि कायद्यानेही ते हरीण तुमचं नाहीच, वन्यप्राणी इथे राज्याच्या मालकीचे, स्वतःच्या जमिनीवरसुद्धा लायसन्स आणि टॅग लागतोच. म्हणून ‘माझ्याकडे किती हरणं आहेत’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. आजूबाजूच्या सहाशे एकरात काय कमी आहे आणि ते मी माझ्या चाळीसात देऊ शकतो का, हा खरा प्रश्न. दोन्ही रस्ते याच प्रश्नावर तोलायचे.

आता कॅमेरे. सेल कॅमेरा शंभर-दीडशे डॉलरला मिळतो, वर प्रत्येकाचा महिन्याचा प्लॅन, दहा कॅमेरे म्हटल्यावर आकडा कुठे जातो ते बघा. फायदा खरा आहे, मॅडिसन किंवा मिलवॉकीत बसून फोनवर फोटो येतो, चिप काढायला परत परत रानात जावं लागत नाही आणि आपला वास तिथे सांडत नाही. हरणाचं नाक म्हणजे नाक आहे हो, तुम्ही सकाळी चाललात ती वाट त्याला कितीतरी तासांनीही कळते. पण कॅमेरा सांगतो ‘कधी’. ‘का’ ते सांगत नाही, आणि तुम्ही जिथे बांधला तेवढंच सांगतो. रात्री दोन वाजता मोठा नर ओढ्याकाठी दिसला म्हणजे तो तुमच्याकडे राहतो असं अजिबात नाही, तो नुसता जात होता.

आणि उन्हाळ्यातल्या फोटोंवर तर विसंबूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये शिंगांवर मखमल (मऊ लवदार कातडी) असते, नर तीन-चार-पाच जण टोळीने सोयाबीनमध्ये चरताना दिसतात, आपण खूश होऊन प्रत्येकाला नाव ठेवतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल घासून टाकली की टोळी फुटते, काही जण जागाच बदलतात, आणि ज्याच्यासाठी मचाण बांधली तो अख्ख्या सीझनभर दिसत नाही. माझं पहिलं वर्ष असंच गेलं, ऑगस्टमध्ये रोज फोटो आणि ऑक्टोबरमध्ये शुकशुकाट. (ताडोबात चितळ बघत मोठे झालेल्यांना एक सांगतो, चितळाचे कळप आणि वर्षातून कधीही गळणारी शिंगं डोक्यातून काढून टाका. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण वेळापत्रकावर चालतं, शिंगं साधारण डिसेंबर ते मार्च गळतात, माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात, पाडसं मे अखेर ते जून.)

पायी फिरण्याला पैसा लागत नाही, गुडघे लागतात. वेळ एकच, सीझन संपल्यानंतर ते झाडं हिरवी होण्याआधी. त्या दिवसांत हरणांना उठवलं तरी शिकारीला सात-आठ महिने आहेत, सगळं विसरली जातात. बर्फावर वाटा आखल्यासारख्या दिसतात, गेल्या शरदात नराने शिंगं घासून सोललेली झाडं अजून पांढरीफेक असतात, पायाने खरवडलेल्या जागा आणि त्यांच्यावर लोंबणारी चावलेली फांदी दिसते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसायच्या जागा दिसतात, पाल्यात अंडाकृती दबलेल्या. रिचलँड, व्हर्नन, क्रॉफर्ड या काउंट्यांत हिमनद्या पोचल्याच नाहीत म्हणून सगळा डोंगर-दऱ्यांचा प्रदेश आहे, दरीला इथे कूली म्हणतात. तिथे नर बहुतेकदा धारेच्या खाली, वरच्या एक तृतीयांश उतारावर, वाऱ्याकडे पाठ करून बसतो. मागून येणारं त्याला वासाने कळतं, खालून येणारं डोळ्याने. ही जागा एकदा सापडली की मचाण कुठे बांधायची नाही हे आधी कळतं, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे.

कूलीतला वारा हा वेगळाच विषय. सकाळी ऊन पडलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली ओढ्याकडे सरकते. फोनवर वायव्येचा वारा दाखवत असेल तरी दरीत तो गोल फिरतो. यासाठी कॅमेऱ्याचा शून्य उपयोग, तिथे जाऊन वेगवेगळ्या वेळी चिमूटभर टाल्कम पावडर उडवून बघावी लागते. दोन शनिवार यात घाला, दहा कॅमेऱ्यांपेक्षा जास्त शिकाल.

म्हणजे कॅमेरे नकोतच का? हवेत, पण चार बास. आधी फिरा, मग त्या चार जागा तुम्हाला सापडतील. तोंड उत्तरेकडे ठेवा म्हणजे उन्हाने उगाच ट्रिगर होत नाही, समोरचं गवत कापा. आणि दहा कॅमेरे बांधायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा, की हरणांची मोजणी करणारेसुद्धा शंभर एकराला एक कॅमेरा पुरेसा धरतात.

आता पैशाचा मोठा भाग, फूड प्लॉट की चेनसॉ. फूड प्लॉट दिसायला छान, बायका-मुलांना दाखवता येतो, हिरवागार तुकडा आणि त्यावर संध्याकाळी माद्या आणि पाडसं. पण तो शेतीच आहे हे विसरू नका. आधी माती परीक्षण, क्लोव्हरला पीएच सहाच्या वर लागतो, जंगलातली माती बहुतेकदा आम्ल निघते, मग एकरी टन-दोन टन चुना, आणि चुन्याचा परिणाम व्हायला महिनोन् महिने जातात. म्हणजे वसंतात घेतलेल्या जमिनीत त्याच शरदात चांगलं क्लोव्हर ही आशा सोडा. पहिल्याच वर्षी काहीतरी हिरवं हवंच असेल तर ऑगस्ट अखेरीला राय आणि ओट्स फेका, कमी कसाच्या मातीतही येतात, वीस गुंठे पुरे.

पण खरी अडचण वेगळीच. या भागात चहूबाजूला मका, सोयाबीन, अल्फाल्फा आहे, जंगलात ओक आहेत. व्हाइट ओकचे एकोर्न, म्हणजे ओकची फळं, गोडसर, ते पडायला लागले की हरीण तुमच्या क्लोव्हरकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे जे आजूबाजूला उदंड आहे तेच आपण पैसे ओतून पुन्हा उभं करतोय. कमी काय आहे? दडायची जागा. विकायला काढलेल्या बऱ्याच जमिनींवर जंगल उंच, सावली दाट आणि खाली मोकळी जमीन, शंभर यार्डांपर्यंत आरपार दिसतं. आपल्याला फिरायला सुंदर, हरणाला उघडं. एक साधी परीक्षा आहे, छातीच्या उंचीपर्यंत सगळी कोवळी पानं आणि फांद्या खुरटलेल्या दिसतात का बघा. दिसल्या तर हरणं जास्त आणि जमिनीलगतचा चारा कमी, दोन्ही एकदम.

तिथे चेनसॉ लागते. कमी किमतीची, वाकडी झाडं पाडली, सूर्य जमिनीपर्यंत पोचला, की दोन उन्हाळ्यांत ब्लॅकबेरी, ॲस्पेनची रोपं, मेपलचे धुमारे असं रान माजतं की त्यात खाणंही आलं आणि लपणंही आलं. एकदा कापलं की पुढची काही वर्षं काम करत राहतं, दरवर्षी बी-खत नाही. तोटे मोठे आहेत. काम धोक्याचं आहे, विशेषतः अर्धवट कापून झाड आडवं करायची जी पद्धत आहे त्यात खोड उभं चिरून अंगावर येऊ शकतं, आणि किडीने मेलेली ॲशची झाडं तर वरून कधी फांदी टाकतील नेम नाही. हेल्मेट, चॅप्स (पायांना करवतीपासून वाचवणारं जाड आवरण) आणि सोबत दुसरा माणूस हे तिन्ही नसेल तर हात लावू नका, मी मनापासून सांगतोय. ओक एप्रिल ते जुलै कापायचेच नाहीत, ओक विल्ट या रोगाची बुरशी ताज्या जखमेतून पसरते. आणि जंगलात आधीच बकथॉर्न किंवा हनीसकल ही बाहेरून आलेली, माजणारी झुडपं असतील तर ऊन मिळाल्याबरोबर तेच पहिलं फोफावतं, म्हणून आधी ती काढा. कुठली झाडं ठेवायची हे कळत नसेल तर फॉरेस्टरला बोलवा. जमीन मॅनेज्ड फॉरेस्ट लॉखाली (जंगल राखण्याच्या बदल्यात करसवलत देणारा राज्याचा कायदा) असेल तर तुमच्या नावावर कटाईचा करारही आलाय, तो वाचल्याशिवाय करवत चालवू नका.

माझ्याच जमिनीचं सांगतो. दोन वर्षं क्लोव्हरवर खर्च केला, माद्या यायच्या पण रात्री. तिसऱ्या वर्षी उत्तरेच्या उतारावर साधारण तीन एकर कापले, आणि त्यानंतरच्या शरदात पहिल्यांदा दिवसाउजेडी हरणं जागेवरून उठताना पाहिली. त्या उतारावर मी आता सीझनमध्ये पाऊल टाकत नाही. ती जागा त्यांची.

आता ती वेगळी परिस्थिती. तुमची जमीन उत्तरेत असेल, सॉयर किंवा ॲशलंडसारख्या काउंटीत, जिथे मैलोन् मैल जंगल आणि शेती नावालाही नाही, तिथे गणित उलटतं. लपायला उदंड, अन्नाची टंचाई, हिवाळा कडक. तिथे एक एकर क्लोव्हर म्हणजे वाळवंटातली विहीर, तिथे मी फूड प्लॉट आधी करेन. अन्नाच्या जागी मक्याचा ढीग ओतायचा विचार मात्र काउंटीचा नियम बघितल्याशिवाय नको. सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा जीवघेणा रोग) सापडलेल्या काउंटीत आणि अशा सापडलेल्या जागेपासून दहा मैलांच्या आतल्या काउंटीत बेटिंग, म्हणजे असं आमिष टाकणं, बंद आहे. हा रोग विस्कॉन्सिनात 2002 साली सापडला, नैऋत्येचा भाग त्याचं केंद्र, आणि त्याचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मारलेल्या प्रत्येक हरणाचं सँपल द्या, डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) फुकट तपासतं, रिझल्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा, पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही.

काय मारायचं यावरही दोन मतं आहेत. काही जण म्हणतात पहिल्या वर्षी काहीच नको, नुसतं बघा. मला ते पटत नाही. तरुण नर न मारता जाऊ द्या, ते दीड वर्षाचे असताना बरेचसे दूर निघून जातात, तुम्ही सोडलेला शेजारच्या काउंटीत आणि तिकडचा तुमच्याकडे, पण सगळ्यांनी सोडले तरच कुणाकडे तरी मोठे होतात. माद्या मात्र खुरटलेल्या जंगलात घ्याव्याच लागतात. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद, आपल्या संस्कारात मादी मारणं तर आणखी जड जातं, मलाही गेलं. पण दक्षिण विस्कॉन्सिनात लांडगे जवळपास नाहीत, कोल्ह्यासारखे कायोटी पाडसं तेवढी उचलतात, आणि कुणीच घेतलं नाही तर ओकचं एकही रोप गुडघ्याच्या वर येत नाही. पहिल्या वर्षी दोन माद्या घ्या, खालचा जबडा जपून ठेवा, दातांवरून वय कळतं. तुमच्या कळपाबद्दलची पहिली खरी माहिती ती.

एच-वन-बीवर असाल तर बंदुकीबद्दल फेडरल नियम वेगळा आहे, वैध शिकारीचं लायसन्स हातात असणं हा त्यातला अपवाद, वकिलाला विचारूनच पुढे जा. धनुष्य किंवा क्रॉसबो त्यात येत नाही. आणि 1 जानेवारी 1973 किंवा नंतर जन्मलेल्यांना लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो उन्हाळ्यातच करून टाका.

शेवटचं काम दोन्ही रस्त्यांवर सारखंच, शेजाऱ्यांच्या दारात जा. जखमी हरीण बांध ओलांडून गेलं तर परवानगीशिवाय तुम्ही पलीकडे पाऊल टाकू शकत नाही, आणि नोव्हेंबरच्या अंधारात, रक्ताचा माग कुंपणाशी संपलेला असताना अनोळखी माणसाचं दार वाजवणं फार वाईट. मार्चमध्ये फिरून परत येताना जा, चहा-कॉफी घ्या, चारही बाजूंचे फोन नंबर घेऊन ठेवा, तरुण नर सोडायचे का हेही तेव्हाच विचारा.