कॉन्फरन्समधली एक मोकळी दुपार: लंडनच्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसचा रिव्ह्यू

सोलापुरातून टेक्स्टाइल, डिझाइन किंवा इतिहासाचा पेपर घेऊन लंडनला जाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. दिवसभर सेशन्स, आणि शेवटच्या दिवशी बिग बेनपासून ब्रिटिश म्युझियमपर्यंत सगळं कोंबलेलं. कापडावर काम करणाऱ्यांनी त्यातली एक दुपार तरी काढून पूर्व लंडनमधल्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसला द्यावी.

हे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं, म्हणजे व्ही अँड एचं, गोदामच आहे, फक्त ३१ मे २०२५ पासून लोकांसाठी उघडलेलं. अडीच लाखांच्या आसपास वस्तू आणि साडेतीन लाख पुस्तकं इथे ठेवलेली आहेत. प्रवेश फुकट. नुसतं रॅकमधून फिरलं तरी दोन तास सहज जातात, आणि आग्ऱ्याच्या किल्ल्यातली मुघल काळातली संगमरवरी कमान-खांबांची रांग उभी पाहून जरा चिडचिडही होते. पण आपल्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे: ‘ऑर्डर अ‍ॅन ऑब्जेक्ट’ ही सेवा. म्युझियमच्या वेबसाइटवरून जास्तीत जास्त पाच वस्तू निवडायच्या, वेळ घ्यायची, आणि त्या वस्तू तुमच्यासाठी अभ्यासिकेत काढून ठेवल्या जातात. याचेही पैसे नाहीत. तुम्ही प्राध्यापक आहात की विद्यार्थी, याने फरक पडत नाही.

अट एकच, पण तीच लोकांना नडते: किमान दोन आठवडे आधी बुकिंग. आपल्याकडे बायोमेट्रिक्ससाठी पुणे किंवा मुंबई गाठायची, मग व्हिसाला साधारण तीन आठवडे. पासपोर्ट हातात येतो तेव्हा विमानाला आठवडाच उरलेला असतो आणि बुकिंगची मुदत गेलेली असते. म्हणून व्हिसाची वाट पाहू नका. कॉन्फरन्सचं वेळापत्रक आलं की लगेच वेळ घ्या. व्हिसा हुकला तर रद्द करा.

वस्तू शोधणं हे या सेवेचं सगळ्यात किचकट अंग. नुसतं सोलापूर टाकून भागत नाही. ब्रिटिशांच्या नोंदींत ‘शोलापूर’ असायचं, आणि त्याचं स्पेलिंगही एकसारखं नाही. गावाच्या नावाने काही आलं नाही तर तंत्राच्या नावाने शोधा: पैठणी, हिमरू, इकत (आधी धागे रंगवून मग विणलेलं कापड), किंवा इंग्रजीत ‘supplementary weft’, म्हणजे नक्षीसाठी जादा बाणा (आडवे धागे) घातलेलं कापड. प्रत्येक नोंदीत वस्तू कुठे आहे ते लिहिलेलं असतं. साउथ केन्सिंग्टनच्या मुख्य म्युझियममध्ये मांडलेली वस्तू इथे मागवता येत नाही. लंडनच्या जुन्या इंडिया म्युझियमचे फोर्ब्ज वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत बांधले होते. जुन्या नमुन्यांवर काम असेल तर त्या संचाची माहिती आधी काढून ठेवा.

पाचच्या पाच वस्तू मागवायचा मोह टाळा. तीन पुरे. एका कापडाचा ताणा-बाणा, काठ आणि पदर नीट बघून टिपायला अर्धा तास लागतो. पुढच्या बाजूचा फोटो वेबसाइटवर बहुधा असतोच, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना मागची बाजू दाखवायची विनंती करा. जादा बाण्याचे धागे मागे मोकळे सोडलेत, कापलेत की विणीत गुंतवलेत, हे तिथेच कळतं. जेकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर पाहिलेल्या डोळ्याला ते लगेच दिसेल. हात लावायचा की नाही, घडी किती उलगडायची, हे कर्मचारीच ठरवतात. शाईचं पेन नको, पेन्सिल न्या. फ्लॅश बंद. इंचातले धागे मोजायला भिंग न्यायचं असेल तर आधी ईमेल करून विचारा. बॅग लॉकरमध्ये जाते. तिच्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी असेल तर तीही तिथेच राहील, कारण सांडलेला चुरा म्हणजे कापडाला लागणाऱ्या किड्यांना आमंत्रण.

वेळ कुठली घ्यावी? रोज १० ते ६ उघडं असतं, गुरुवारी आणि शनिवारी रात्री १० पर्यंत. गुरुवारची रात्र सोयीची वाटते, पण ती फिरण्यासाठी ठेवा आणि पोहोचल्या दिवशी तर ठेवूच नका. उन्हाळ्यात लंडनचे संध्याकाळचे ७ म्हणजे सोलापूरचे रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. त्या वेळी पेंगत धागे मोजले जात नाहीत. उलट सुरुवातीचे दिवस पहाटेच जाग येते, तेव्हा स्लाइड्स उरकून घ्याव्यात. अभ्यासिकेची वेळ आपला पेपर झाल्यानंतरच्या दिवशी घ्यावी. पेपरच्या आधी घेतली तर अर्धं लक्ष प्रेझेंटेशनमध्ये अडकतं.

पोहोचायला हॅकनी विक स्टेशन जवळचं; तिथून दहा-एक मिनिटं चालायचं. स्ट्रॅटफर्डला गाड्या जास्त, पण चालणं लांब पडतं. व्ही अँड ए ईस्ट म्युझियम ही त्याच परिसरातली वेगळी इमारत आहे, मॅपवर ‘स्टोअरहाउस’ हा शब्द बघूनच निघा.

कापडाशी संबंध नसलेल्या सोबत्यांना मात्र अभ्यासिकेच्या वेळेत ओढून नेऊ नये, तोवर त्यांना रॅकमध्ये फिरू द्यावं. शुक्रवार मोकळा असेल तर सगळ्यांनी मिळून साउथ केन्सिंग्टनला जावं. तिथेही प्रवेश फुकट आणि शुक्रवारी रात्री १० पर्यंत उघडं, फक्त उशिरा सगळी दालनं खुली असतीलच असं नाही.

परतल्यावर कॉलेजला द्यायच्या अहवालात प्रत्येक वस्तूचा नोंदणी क्रमांक लिहा, म्हणजे ती दुपार अभ्यासात मोजली जाईल. स्वतःच्या नोंदींसाठी काढलेले फोटो शोधनिबंधात छापायचे असतील तर म्युझियमची वेगळी परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज निबंध पाठवायच्या आधीच करा.