ऑफर स्वीकारल्यावर माघार: आधीच कळवावं, की रुजू होऊन सोडावं?

खेडजवळच्या लोटे एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीचं ऑफर लेटर सही करून पाठवलेलं असतं, मेडिकल झालेलं असतं, जॉइनिंगला आठ-दहा दिवस उरलेले असतात आणि तेवढ्यात रत्नागिरीहून, गोव्याहून किंवा पुण्याहून दुसरं पत्र येतं. रोहा-महाडपासून कुडाळच्या एमआयडीसीपर्यंत आता ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. अशा वेळी रस्ते दोनच. रुजू होण्याआधी स्पष्ट नकार कळवायचा, किंवा ठरल्या दिवशी हजर व्हायचं आणि प्रोबेशनमध्ये, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणीच्या काळात, राजीनामा द्यायचा. फोन बंद करून बसणं हा तिसरा प्रकार मी तुलनेत धरत नाही. त्याने काय होतं, ते पुढे शिफ्टच्या संदर्भात येईलच.

मी स्वतः पहिला रस्ता धरला होता आणि आज वेळ आली तरी तोच धरेन. पण दुसऱ्याची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

रुजू होऊन सोडण्यात पगार खंडत नाही. दुसरी ऑफर ऐनवेळी कोलमडली तर पायाखाली जमीन असते. प्रोबेशन दोघांनी एकमेकांना पारखण्यासाठीच असतं, त्यामुळे त्या काळात सोडणं हा विश्वासघातही नव्हे. आणि मनातली शंका कामाबद्दलच असेल (रात्रपाळी झेपेल का, सॉल्व्हंटचा वास सोसेल का, खेडहून कंपनीची बस वेळेत मिळेल का), तर घरी बसून तिचं उत्तर मिळत नाही. हातात दुसरं पत्र नसताना नुसत्या धाकधुकीने नकार देऊ नये. तेव्हा रुजू व्हावं.

दुसरं पत्र हातात असताना मात्र हिशोब बदलतो. माझ्या लेखी तो एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीने बदलतो: पीएफच्या खात्यावरची नोकरी सोडल्याची तारीख.

रुजू झालात की फॉर्म ११ (पीएफचं घोषणापत्र) भरून घेतात आणि तुमच्या यूएएनखाली (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक) त्या कंपनीचा नवा मेंबर आयडी तयार होतो. समजा, २ जूनला हजर झालात आणि २० जूनला सोडलंत. जूनची वर्गणी कंपनी १५ जुलैपर्यंत भरते. त्याच वेळी सोडल्याची तारीखही तिने नोंदवायला हवी. मोठ्या कंपनीत हे आपोआप होतं. छोट्या कारखान्यात पीएफचं काम बाहेरचा सल्लागार बघतो, त्याच्याकडे पगारपत्रक जातं पण तुमचा राजीनामा जात नाही, आणि तारीख कोरीच राहते. कोणी मुद्दाम अडवत नाही, कागद पुढे सरकत नाही एवढंच. तुम्ही नव्या ठिकाणी कामाला लागलेले असता आणि नोंदीत मात्र जुन्या जागेवरही कामावर असता. जुनी रक्कम नव्या खात्यात वळवायला गेलात की दावा इथे अडतो.

ही तारीख आपल्याला स्वतः भरता येते, पण त्या कंपनीची शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने थांबावं लागतं. मग यूएएनच्या पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ निवडायचं, मेंबर आयडी आणि कारण भरायचं, आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली असावी लागते, आणि एकदा टाकली की आपल्याला ती बदलता येत नाही. म्हणून राजीनामा मंजूर झाल्याचा मेल समोर ठेवूनच ती भरावी. आधारला वडिलांचा किंवा बंद पडलेला नंबर जोडलेला असेल, तर आधी आधार केंद्राची फेरी. अठरा दिवसांच्या नोकरीपायी हा घोळ तीन-चार महिने पुरतो.

शिवाय पडताळणी करणाऱ्या एजन्सी आता पीएफच्या सेवा-नोंदी बघतात. अर्जात न लिहिलेले अठरा दिवस तिथे दिसले की पुढची कंपनी रिलिव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचं पत्र) मागते, आणि अठरा दिवसांच्या माणसाला ते पत्र द्यायची घाई कोणालाच नसते. नकार आधी कळवला असेल तर यातलं काहीच तयार होत नाही. माझं पारडं इथेच झुकलं. ज्यांचा पीएफ कापलाच जाणार नाही, त्यांना हा मुद्दा कदाचित एवढा जड वाटणार नाही.

दुसरी अडचण बॉण्डची, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास रक्कम भरण्याच्या लेखी हमीची. काही ठिकाणी बॉण्ड ऑफरबरोबर येतो, पण बऱ्याचदा तो जॉइनिंगच्या दिवशी, फायलीतल्या वीस कागदांत समोर येतो आणि सही होऊन जाते. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेचं आणि तिच्या भरती-खर्चाचं होतं, ते जसंच्या तसं प्रत्येक खासगी कारखान्याला लागू पडेल असं नाही. तरी ‘बॉण्डला काही अर्थ नसतो’ या चहाच्या टपरीवरच्या सल्ल्यावर आता विसंबू नये.

बाकीचं थोडक्यात. प्रोबेशनमध्येही नोटीस असते, सात दिवसांपासून महिन्यापर्यंत. ती नव्या जॉइनिंगच्या तारखेत बसते का, ते मोजून बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराची देणी चुकती करण्याची तरतूद आहे, त्यामुळे थकलेल्या पगाराची भीती पूर्वीपेक्षा कमी. खोलीचं डिपॉझिट मात्र तुमचं तुम्हालाच सोडवून घ्यावं लागतं. आणि ऑगस्टमध्ये रुजू होऊन ‘गणपती करून मग सोडतो’ असा बेत असेल, तर प्रोबेशनमध्ये गणपतीची रजा मिळेलच असं धरू नका. साठ दिवस आधी काढलेलं कोकण रेल्वेचं तिकीट रद्द करण्याची पाळी येते.

आता पहिल्या रस्त्याची भीती: ‘सही केली आहे, केस करतील का?’ भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार स्वीकारलेली ऑफर हा करार होतो, हे खरं. तो मोडल्यास कलम ७३ खाली प्रत्यक्ष झालेलं नुकसान मागता येतं. पत्रात रक्कम लिहिलेली असेल तर कलम ७४ खाली त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मागता येते. पण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मुळे व्यक्तिगत स्वरूपाच्या अशा करारात न्यायालय माणसाला कामावर हजर व्हायला लावत नाही. म्हणून सही केलेलं पत्र पुन्हा वाचताना दोनच गोष्टी शोधा: न आल्यास अमुक रक्कम भरावी लागेल असं वाक्य, आणि जॉइनिंग बोनस किंवा प्रवासखर्च आगाऊ घेतल्याची नोंद. रक्कम मोठी असेल तर नकार पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. दोन्ही नसेल, तर सभ्यपणे आणि वेळेवर कळवलेला नकार बहुतेक कंपन्या तिथेच मिटवतात. मी पाहिलेल्या प्रकरणांत तरी यापलीकडे गोष्ट गेलेली नाही.

एक अपवाद ध्यानात असू द्या. शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला असेल, तर तो नुसत्या मेलने सुटत नाही, शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खालच्या पद्धतीनेच सोडवावा लागतो.

नकार द्यायचा क्रम असा ठेवा. सर्वात आधी दुसरी ऑफर लेखी हातात, तिच्यावर पगाराचा आकडा आणि जॉइनिंगची तारीख. ‘तुझं पक्कं आहे’ एवढ्या तोंडी शब्दावर पहिली नोकरी सोडू नका. मग, ज्या नातेवाइकाने किंवा शेजारच्या काकांनी तिथे शब्द टाकला असेल, त्यांना फोन. प्लांटमधून त्यांच्या कानावर जाण्याआधी तुमच्या तोंडून जाऊ दे. इथे कंपन्या मोजक्या आणि माणसं ओळखीची, पुढच्या पोराला शब्द टाकायचा की नाही हे ते यावरूनच ठरवतात.

त्यानंतर एचआरला फोन, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, आणि त्याच दिवशी मेल. नुसता फोन केला तर लेखी काही राहत नाही. नुसता मेल केला तर तो जॉइनिंगच्या दिवसापर्यंत न उघडलेलाही राहू शकतो. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा मेल ‘आउटबॉक्स’मध्ये अडकला नाही ना ते बघा आणि प्रत स्वतःलाही पाठवा. नोकरी कन्सल्टन्सीतून लागली असेल तर मेल थेट कंपनीला आणि प्रत कन्सल्टन्सीला. त्यांची फी बहुतेक ठिकाणी माणूस ठरावीक दिवस टिकल्यावरच मिळते, म्हणून ते ‘एकदा जाऊन तर बघ’ म्हणत राहतात आणि तुमचा नकार पुढे पोचवायला उशीर करू शकतात. ऑफर पोर्टलवर बटण दाबून स्वीकारली असेल तर नकाराचं बटणही शोधा आणि स्क्रीनशॉट घ्या, कारण नंतर ते लॉगिन बंद होतं.

मेलमध्ये एवढं पुरे:

‘आदरणीय मॅडम, आपण दिनांक अमुकच्या पत्राने अमुक पदासाठी दिलेली ऑफर मी स्वीकारली होती. त्यानंतर बदललेल्या परिस्थितीमुळे मी ती मागे घेत असून अमुक तारखेला रुजू होऊ शकणार नाही. आपली गैरसोय होत आहे याबद्दल मनापासून दिलगीर आहे. माझ्याकडून काही कागद किंवा रक्कम परत येणे असल्यास कृपया कळवावे. हा मेल मिळाल्याचे कळवावे, ही विनंती.’

कारण एका वाक्यात ठेवा. नव्या कंपनीचं नाव आणि पगार लिहू नका. तो लिहिला की ‘आम्ही दोन हजार वाढवतो’ असा फोन येतो आणि ठरलेलं मन पुन्हा डळमळतं. आणि आईच्या आजारपणाचं खोटं कारण तर मुळीच नको. चिपळूणच्या बाजारात आईच भेटते आणि मग तुमच्यासाठी शब्द टाकणारा माणूस खाली मान घालतो. फोनवर कोणी ‘तुम्हाला काळ्या यादीत टाकू’ म्हणालं तर वाद घालू नका. त्या कंपनीत काही वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही, हे आपणही धरूनच चालायचं असतं.

वेळ फार महत्त्वाची आहे, आणि ती कारखान्याच्या बाजूने बघायला हवी. सतत चालणाऱ्या प्लांटमध्ये नवा माणूस रुजू होण्याच्या तीन-चार दिवस आधी शिफ्टच्या तक्त्यात बसवलेला असतो. तुम्ही न कळवता आला नाहीत, तर रात्रपाळीचा ऑपरेटर सकाळी जागा सोडू शकत नाही. रिलिव्हर येईपर्यंत रिअॅक्टरपाशी थांबणं त्याला भाग असतं, म्हणजे सलग सोळा तास. सोमवारचं जॉइनिंग असेल तर बुधवारपर्यंत कळवलं, की तक्ता बदलता येतो. शुक्रवारी संध्याकाळी कळवलं तर ते जवळपास न कळवण्यासारखंच. गणपतीपुळे-तारकर्लीच्या हॉटेलांसाठी नाताळाचा आठवडा, आंबा कॅनिंगसाठी एप्रिल-मे आणि मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी मासेमारी बंदी उठल्यानंतरचे दिवस असेच अडचणीचे. या हंगामांच्या तोंडावर माघार घ्यायचीच असेल तर दोन आठवडे हातात ठेवा, आणि ओळखीचा एखादा योग्य उमेदवार असेल तर त्याला विचारून त्याचं नाव मेलमध्ये सुचवा. राग निवळायला यासारखा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

घेतलेली रक्कम बँकेतून परत करा, रोख नको, आणि व्यवहाराचा क्रमांक त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली असेल तर मात्र क्रम उलटा: आधी स्वतः जाऊन, छायाप्रत देऊन मूळ मागा, मिळाली की मग तिथेच नकाराचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मूळ कागद अडवून धरले, तर तेवढंच मागणारं वेगळं लेखी पत्र स्पीड पोस्टाने पाठवा.

शेवटचं काम दोन महिन्यांनी. काही कंपन्या आधार आणि यूएएन आधीच मागून घेतात आणि माणूस येण्यापूर्वीच मेंबर आयडी तयार करून ठेवतात. म्हणून यूएएनच्या पोर्टलवर सेवा-नोंदी उघडून त्या कंपनीचं नाव आलेलं नाही ना, ते बघा. आलं असेल तर नकाराचा मेल जोडून कंपनीला लगेच लिहा, तुम्हाला विसरले नसतील तोवर दुरुस्ती लवकर होते.