२००० वॉटच्या लेबलाखाली ९४३ वॉटचा हीटर

पाणी तापवायच्या हीटरवर ठळक छापलंय: २३० व्होल्ट, २००० वॉट. प्रत्यक्षात तो ९४३ वॉट घेतो. पैसे २००० वॉटचे मोजून घेतले, म्हणजे १०५७ वॉटचा काटा मारला, आणि तोही माझ्या डोळ्यांदेखत मीटर लावून. वॉट फुगवून लिहितात हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. म्हणूनच "आधी करंट मोजून दाखवा" असं मी विक्रेत्याला बजावलं होतं. याहून जास्त खबरदारी गिऱ्हाइकाने काय घ्यायची?

त्याने टाँग टेस्टर काढला, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा जबडा लावून करंट मोजणारा मीटर. अख्ख्या केबलला टाँग लावली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात आणि मीटर शून्य दाखवतो, म्हणून त्याच्याकडे एक तार बाहेर काढलेला छोटा बोर्ड होता. हे त्याने स्वतःहून समजावलं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. खरं बोलूनच त्याने विश्वास मिळवला. मीटरवर ८.२ अँपिअर. मी तिथंच २३० गुणिले ८.२ केलं, १८८६ वॉट आले. आयईसी ६०३३५ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा हीटरला छापील वॉटपेक्षा १० टक्के कमी चालतात, म्हणजे १८०० पर्यंत. हिशेब बसला. मी पैसे दिले.

घरी पाणी तापेना. १० लिटर पाणी ३० अंशांनी वर न्यायला २००० वॉटला साधारण साडेदहा मिनिटं पुरतात. याने बावीस मिनिटं ओलांडली. मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी मोजून घेतले. २३० व्होल्ट, ४.१ अँपिअर. गुणाकार ९४३ वॉट. भागाकार ५६.१ ओहम, हा हीटरचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा. खऱ्या २००० वॉटच्या हीटरचा रोध २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम असायला हवा.

८.२ चं बरोब्बर निम्मं ४.१. तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या बोर्डाची तार टाँगच्या जबड्यातून एकदा नाही, वेढा घेऊन दोनदा गेलेली होती. तार दोनदा नेली की आकडा दुप्पट येतो. बारीक करंट मोजायला इलेक्ट्रिशियन हेच करतात, पण नंतर दोनाने भागतात. याने भागलं नाही.

आणि तो वेढा मला दिसला होता! काळी तार, त्यावर चिकटपट्टी, जबड्याभोवती एक गुंडाळी. मी पाहिली आणि वाटलं, तार लांब आहे म्हणून गुंडाळली असेल. त्या क्षणी नुसतं "वेढा काढा" म्हटलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. पण मीटर खरा, सूत्र खरं, आकडा माझ्या हातचा. अशा वेळी वेढे मोजायचं कुणाला सुचतं? हा भोळेपणा नव्हे. ज्याला गुणाकार येतो त्यालाच फसवायला हा सापळा लावलेला आहे.

परत गेलो तर म्हणे, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल." वॉट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. २००० चे ९४३ व्हायला व्होल्टेज १५८ पर्यंत पडावं लागेल, माझ्याकडे पुरते २३० होते. मग म्हणे, "गरम झाल्यावर रोध बदलतो." बदलतो, पण हीटरच्या तारेचा मिश्रधातू असतो नायक्रोम, त्याचा काही टक्केच. थंड असताना ५५ ओहम होता. दहापट फरक जुन्या बल्बच्या टंगस्टनमध्ये पडतो, हीटरमध्ये नाही. शेवटी, "कमी वॉट, कमी बिल, तुमचाच फायदा." धादांत खोटं! तेवढंच पाणी तेवढंच तापवायला तेवढीच ऊर्जा लागते, उलट वेळ लांबला की उष्णता जास्त वाया जाते.

तक्रार घेऊन गेलो तर पहिल्या टेबलावर विचारलं, "पाणी गरम होतं ना? मग फसवणूक कसली?" वीज देणारे म्हणाले, आम्ही वीज देतो, उपकरणं विकत नाही. वजनमापवाल्यांनी सांगितलं, वॉट हे वजन नाही. किलोला निम्मं धान्य दिलं तर गुन्हा, आणि वॉट निम्मे दिले तर कुणाचंच खातं नाही? दोन्ही मीटर एकाच फोटोत दाखवले, तर "हे आकडे आम्हाला कळत नाहीत, प्रयोगशाळेचा अहवाल आणा." व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढाच हिशेब आहे! शाळेतल्या पोराला येतो तो तक्रार घेणाऱ्याला येऊ नये? कळत नसेल तर कळणाऱ्याला बसवा, अर्जावर शेरे मारून लोकांना हेलपाटे घालायला लावू नका.

टाँगमधून तार एकदाच गेली पाहिजे, स्वतः बोट लावून बघा. शक्य असेल तर प्लग काढलेल्या हीटरचा रोध मागा, तिथं वेढ्याची चलाखी चालत नाही. थर्मोस्टॅट असेल तर तो चालू स्थितीत हवा. सॉकेटमध्ये वीज असताना ओहम मोजू नका, जीव जाईल. मोटर असलेल्या वस्तूला हा साधा गुणाकार पुरत नाही, तिथं पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरे वॉट आहे ते प्रमाण.

मीटर नसेल तरी अडत नाही. घरच्या वीजमीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट लिहिलं असेल, तर बाकी सगळं बंद करून लाल दिव्याचे मिनिटातले लुकलुकणे मोजा. २००० वॉटला १०६-१०७ हवेत. माझ्याकडे ५० आले. त्या मोजणीचा व्हिडिओही मी आता अर्जाला जोडला आहे, त्यावर अजून शेरा आलेला नाही.