सेजच्या पानांसाठी डीहायड्रेटर: पैसे वसूल होतात का?

पाच गोल ट्रे एकावर एक रचलेला, तळाशी पंखा आणि हीटर असलेला, 250 वॉटचा आणि 35 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान ठरवता येणारा डीहायड्रेटर, म्हणजे पदार्थ वाळवण्याचे यंत्र, इंग्लंडमध्ये साधारण 40 ते 50 पौंडांना मिळतो. ही एकच घडण निरनिराळ्या नावांनी विकली जाते, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या घडणीचे आहे, आणि तेही एका कामापुरते: परसात लावलेल्या सेज (sage) या सुगंधी झुडपाची पाने वाळवणे. सफरचंदाच्या चकत्या किंवा टोमॅटो त्यात कसे वाळतात, याची चर्चा येथे नाही.

सेज हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातले, मूळचे भूमध्य समुद्राच्या परिसरातले झुडूप आहे, पण वाळवण्याच्या बाबतीत ते पुदिन्यासारखे सोपे नाही. पुदिन्याचे पातळ पान वाऱ्यावरही चटकन वाळते. सेजचे पान जाड असते, त्याच्या दोन्ही अंगांना बारीक लव असते आणि मधली शीर ओलावा सहजासहजी सोडत नाही. शिवाय ज्यासाठी आपण हे पान स्वयंपाकात घालतो, ते थुजोन, सिनिओल आणि कापूर असलेले सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेले असते. उष्णता वाढवली की हे तेल उडून जाते, आणि उष्णता फार कमी ठेवली की पान दमट राहून काळवंडते. यंत्राचा खरा कस लागतो तो या दोन टोकांमधल्या अरुंद जागेत. म्हणून खरेदी करताना ट्रे किती आहेत यापेक्षा तापमान 35 अंशांपर्यंत खाली येते का, हे आधी पाहावे. तापमान ठरवण्याची सोयच नसलेली स्वस्त यंत्रे फळांसाठी बेतलेली असतात आणि बरीच अधिक तापतात. सेजसाठी ती घेऊ नयेत. घरातल्या ओव्हनचेही तेच, कारण बऱ्याच ओव्हनचे किमान तापमान 50 अंशांच्या आसपास असते.

यंत्र कितीही चांगले असले तरी चुकीच्या वेळी खुडलेल्या पानात ते वास भरू शकत नाही. सेजला जूनच्या सुमारास जांभळट निळी फुले येतात. त्याआधी, दव पूर्ण उडाल्यावर पण ऊन चढण्यापूर्वी, कोवळ्या शेंड्यांसकट डहाळ्या कापाव्यात. फुलोरा छाटल्यावर जी नवी पालवी येते तिची दुसरी तोड ऑगस्टमध्ये घेता येते, मात्र त्यानंतर थंडीपूर्वी नव्या फुटीला पक्के होण्यासाठी वेळ मिळावा म्हणून मोठी कापणी करू नये. एका वेळी झुडपाचा तिसरा हिस्सा, त्याहून अधिक नाही. पहिल्या वर्षाच्या रोपाची तर जेवणापुरतीच पाने घ्यावीत. कात्री हिरव्या भागातच चालवावी, कारण लाकूड झालेल्या जुन्या खोडावर कापले तर तेथून फूट येईलच अशी खात्री नसते. पाने शक्यतो धुऊ नयेत. धूळ असेल तर आदल्या दिवशी झाडावरच पाण्याचा फवारा मारावा.

आता यंत्राचे काम. देठ काढून पाने एकमेकांवर येणार नाहीत अशी पसरली आणि तापमान 35 अंशांवर ठेवले, तर आठ ते बारा तासांत ती वाळतात. पण हीटर तळाशी असल्यामुळे सर्वांत खालचा ट्रे आकड्यापेक्षा अधिक तापतो आणि वरच्या ट्रेपर्यंत पोहोचणारी हवा कोमट आणि खालच्या पानांच्या ओलाव्याने जड झालेली असते. परिणाम डोळ्यांना दिसतो: तळाची पाने फिकट पिवळसर होऊन कडांनी मुडपतात, तेव्हा वरची अजून मऊ असतात. दर दोन तासांनी ट्रे वरखाली करणे हा त्यावरचा उपाय, म्हणजे रात्री लावून झोपावे आणि सकाळी बरण्या भराव्यात ही जाहिरातीतली सोय सेजच्या बाबतीत मिळत नाही. मागच्या बाजूला पंखा असलेल्या चौकोनी यंत्रांत हा दोष बराच कमी असतो, पण ती महाग असतात आणि ओट्यावरची जागाही अडवतात. गोल यंत्रच घ्यायचे असेल तर सेजसाठी तळाचा ट्रे रिकामा ठेवून वरचे चारच भरावेत.

वाळले की नाही, याची परीक्षा पानाच्या कडेवर घेऊ नये. कडा आधीच कुरकुरीत होतात आणि फसवतात. पान मधल्या शिरेवर दुमडून पाहावे. शीर वाकली, तर ते पुन्हा ट्रेवर जावे, आणि स्पष्ट आवाज करून तुटली, तरच ते बरणीत जावे. नीट वाळलेल्या पानाचा रंग राखाडी हिरवा राहतो. तपकिरी झाला तर उष्णता अधिक झाली असे समजावे.

या यंत्राचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे सुतळी. पाच-सहा डहाळ्यांच्या सैल जुड्या बांधून, भोके पाडलेल्या कागदी पिशवीत उलट्या टांगून, अंधाऱ्या आणि वारा खेळणाऱ्या खोलीत ठेवल्या की दोनेक आठवड्यांत सेज फुकटात वाळतो, आणि हवा कोरडी असेल तर त्याचा वास यंत्रातल्या पानापेक्षा तसूभरही कमी नसतो. आपल्याकडे वैशाखात गच्चीवर वाळवण घालतात तसे उन्हात मात्र घालू नये, कारण उन्हाने रंग आणि तेल दोन्ही जातात. अडचण येते ती पावसाळी ऑगस्टमध्ये. घरात कपडेही वाळत घातलेले असतात, हवा दमट असते, आणि जुडीच्या आतली पाने वाळण्याऐवजी कुबट होतात. अशा हवेत यंत्र आपली किंमत सिद्ध करते. विजेचा खर्च हा आक्षेप फारसा टिकत नाही, कारण 250 वॉटचे यंत्र सलग बारा तास पूर्ण ताकदीने चालले तरी तीन युनिट लागतात, आणि 35 अंशांवर हीटर मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. पंख्याची घरघर मात्र लहान घरात जाणवते.

साठवणीत यंत्राचा काही वाटा नाही, पण केलेली मेहनत तेथेच वाया जाते म्हणून लिहितो. पाने पूर्ण थंड झाल्यावरच, न चुरता, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावीत. चुरा केला की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि वास बरणी उघडताक्षणी उडू लागतो. पहिला आठवडा बरणी रोज पाहावी. आतल्या काचेवर वाफ दिसली किंवा पाने सादळली, तर ती पुन्हा वाळवावीत, नाहीतर बुरशी ठरलेली. शेगडीच्या वरचे फडताळ सोयीचे वाटते, पण उष्णता आणि वाफ यांमुळे मसाल्यांसाठी ते सर्वांत वाईट ठिकाण आहे. बंद कपाटात सेज साधारण वर्षभर चांगला टिकतो.

एवढे करायचे कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, कारण दक्षिण इंग्लंडमध्ये सेज हिवाळ्यातही हिरवा राहतो आणि डिसेंबरात दारातून चार पाने खुडून आणता येतात. परंतु थंडीत वाढ थांबलेली असते, तेव्हा ओरबाडलेले झुडूप वसंतात मागे पडते, आणि नाताळच्या सुमारास कांदा, पावाचा चुरा आणि सेज घालून केलेल्या सारणासाठी चार पाने पुरत नाहीत. तेथे वाळलेला सेज उत्तम चालतो. ताज्याच्या तिप्पट तीव्र धरून एक मोठा चमचा चिरलेल्या पानांऐवजी एक लहान चमचा चुरा घ्यावा. लोण्यात कुरकुरीत तळून रॅव्हिओलीवर, म्हणजे सारण भरलेल्या इटालियन पास्त्यावर, घालायचा असेल, तर मात्र ताज्या पानाला पर्याय नाही. बटाट्याच्या काचऱ्यांवर तुपात परतलेला चुराही छान लागतो, पण जिरे-मोहरीसोबत घालू नये, दोघांचेही बिघडते.

ज्याच्याकडे एकच कुंडी आहे त्याने सुतळीवर भागवावे. दोन-तीन मोठी झुडपे असतील, घर दमट असेल आणि ट्रे बदलण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हे यंत्र घेण्यासारखे आहे. माझ्या मते पाचपैकी साडेतीन गुणांचे. अर्धा गुण टायमर नसल्यामुळे गेला, आणि एक तळाच्या ट्रेमुळे. शेवटची गोष्ट प्लॅस्टिकची: सेजचे तेल ट्रेला चिकटते आणि साबणाने धुतल्यावरही वास राहतो, तेव्हा जादा ट्रे विकत मिळत असतील तर दोन सेजसाठी वेगळे राखून ठेवावेत आणि सफरचंदे त्यांच्यापासून लांब ठेवावीत.